महाडचें तळें आणि फौजेचा रुपया

राज्याच्या जमाखर्चांत फौजेचें पान बहुधा सर्वांत जाड असतें, आणि तेंच सर्वांत कमी वाचलें जातें. तोफा, घोडे, दारूगोळा, छावण्या यांची बेरीज सरकारच्या वहींत होते. पण तो रुपया कोणाच्या घरांतून निघाला आणि कोणाच्या घरीं पोंचला, याची नोंद त्या वहींत सांपडत नाहीं. ती पाहावयाची तर एखादा लहानसा मुलूखच डोळ्यांसमोर घ्यावा लागतो. सावित्री नदीच्या कांठीं वसलेलें महाड आणि त्याच्या पाठीशीं घाटाच्या पायथ्याला असलेला पोलादपूरचा टापू हा असा एक मुलूख आहे. येथील चवदार तळें १९२७ सालीं साऱ्या हिंदुस्थानाला माहीत झालें तें पाण्याच्या हक्कासाठीं. पण त्या तळ्याच्या कांठीं जे लोक उभे राहिले, त्यांच्यांतील कित्येक घरांच्या मागें फौजेच्या पगाराचा आणि पेन्शनचा शंभर वर्षांचा इतिहास होता, ही गोष्ट सहसा बोलली जात नाहीं.

फौज या मुलुखाला नवी नव्हती. महाडपासून सुमारें पंधरा मैलांवर रायगड. पोलादपूरच्या डोक्यावर प्रतापगड. तानाजी मालुसऱ्यांचें उमरठ पोलादपूरच्याच डोंगरांत. १६७४ सालीं रायगडावर राज्याभिषेक झाला, त्या वेळच्या लष्करी व्यवस्थेचें वर्णन सभासदाच्या बखरींत आलें आहे. शिवाजी महाराजांनीं शिपायाला मुलूख तोडून देण्याची जुनी चाल शक्य तेवढी बंद केली व वेतन सरकारी खजिन्यांतून देण्याची रीत घातली. पावसाळ्याचे चार महिने फौज छावणींत राहावयाची, बाकीचे आठ महिने परमुलुखांत जावयाची, आणि परत आल्यावर आणलेल्या मालाचा हिशेब सरकारांत द्यावयाचा. या व्यवस्थेचें राजकीय मर्म इतिहासकारांनीं पुष्कळ उकलून दाखविलें आहे. आर्थिक मर्म असें कीं, शिपायाचें पोट रयतेच्या शेतावर परस्पर सोडलें नव्हतें. शिपाई आणि शेतकरी यांच्यामध्यें खजिना उभा होता.

पुढें सरंजामांचा काळ आला व तो खजिना मधून बाजूला झाला. सरदाराला मुलूख नेमून द्यावयाचा, त्यानें तेथील वसुलांतून पथक पोसावयाचें, ही रीत पडली. राज्य विस्तारलें, पण पेशव्यांच्या दफ्तरांत कर्जाचा घोर मात्र सुटला नाहीं. थोरल्या बाजीरावानें ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत सावकारांच्या तगाद्यानें तो किती गांजला होता हें दिसतें. उत्तरेंत विजयामागून विजय मिळविणारा सेनापति घरीं देणेकऱ्यांना तोंड चुकवितो, हें दृश्य विलक्षण खरें. परंतु लष्कर वाढलें आणि वसुलाची शिस्त मात्र मागें राहिली कीं असेंच होणार.

या ओढाताणीचा शेवटचा अंक महाडला फार जवळून पाहावयास मिळाला. १७९६ सालीं नाना फडणीस पुणें सोडून महाडास येऊन राहिले आणि आपल्या पैशाच्या बळावर तेथून फौज व कारस्थान यांची जमवाजमव केली. त्यानंतर सहा वर्षांनीं, ऑक्टोबर १८०२ मध्यें, पुण्याच्या लढाईंत यशवंतराव होळकरांपुढें टिकाव न लागल्यामुळें दुसरा बाजीराव पळाला तोही याच वाटेनें महाडास आला. तेथून तो किनाऱ्यानें वसईस गेला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजीं त्यानें इंग्रजांशीं तह केला. त्या तहाकडे जमाखर्चाच्या दृष्टीनें पाहावें. कंपनीचें सहा हजार पायदळ पेशव्याच्या राज्यांत कायमचें राहावयाचें, आणि त्याच्या खर्चासाठीं सालीना सव्वीस लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख पेशव्यानें कंपनीस तोडून द्यावयाचा. आपली फौज पोसवेना म्हणून पेशव्यानें दुसऱ्याची फौज पोसावयास घेतली. आणि पैसा नाहीं म्हणून पैशाची खाणच देऊन टाकली. सोळा वर्षांनीं, मे १८१८ मध्यें, रायगड इंग्रजांच्या हातीं पडला.

पेशवाई संपविणाऱ्या त्या कंपनीच्या फौजेंत कोंकणांतले व देशावरचे लोक मोठ्या संख्येनें होते. १ जानेवारी १८१८ रोजीं भीमेच्या कांठीं कोरेगांव येथें पेशव्यांच्या मोठ्या फौजेपुढें जी तुकडी दिवसभर टिकून राहिली, तींत मुंबई सैन्याच्या पलटणीचे सुमारें पांचशें शिपाई होते, आणि तेथील स्तंभावर कोरलेल्या मृतांच्या नांवांत ‘नाक’ हा महार जातीचा प्रत्यय लागलेलीं बावीस नांवें आहेत. आपल्याच मुलुखांतल्या राज्याविरुद्ध हे लोक कां लढले, असा प्रश्न पुष्कळदां मोठ्या आवेशानें विचारला जातो. त्याचें एक उत्तर साधें आहे, आणि तें पगारपत्रकांत आहे.

गांवगाड्यांत महाराचें उत्पन्न म्हणजे बलुतें. खळ्यावरचें धान्य, सणावाराची भाकर, मेलेलें जनावर, आणि तुटपुंजी वतनी जमीन. त्याच्या बदल्यांत सरकारी निरोप, ओझें, पहारा, सीमेची साक्ष अशीं नाना कामें रात्रीं-बेरात्रीं करावयाचीं. या सर्व व्यवहारांत रोख पैसा जवळजवळ नव्हता. आणि ज्याच्या हातीं रोख पैसा नाहीं त्याला बाजार नसतो, सावकार असतो. कंपनीच्या पलटणींत मात्र साध्या शिपायास दरमहा सात रुपये मिळत. रक्कम लहान, पण ती नियमित होती, नाण्यांत होती, आणि ती देतांना कोणी जात विचारून हात आंखडता घेत नसे. शिवाय नोकरीची मुदत भरली कीं पेन्शन होतें. पलटणीबरोबर शाळा होती; शिपायांच्या मुलांनाच नव्हे तर मुलींनाहि तेथें अक्षरओळख होई. गांवांत जे शिक्षण कोणत्याहि किंमतीला मिळालें नसतें, तें येथें पगाराच्या पोटांत मिळत होतें.

याचें फळ कोठें पाहावयाचें तर दापोलीस. त्या गांवीं पूर्वीं लष्कराची छावणी होती, आणि पेन्शनर शिपायांचीं घरें तेथें पिढ्यान् पिढ्या राहिलीं. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे १८८६ सालीं लष्करांतून निवृत्त होऊन दापोलीस राहिले, आणि अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालविणारे पहिल्या पिढीचे पुढारी ठरले. १८९५ मध्यें महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हां बोर्डाच्या बैठकीला त्यांच्या शेजारीं बसावें लागेल म्हणून वरिष्ठ वर्गांतल्या मंडळींनीं कुरकुर केली. मंडणगड तालुक्यांतल्या आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. १८९१ सालीं महू येथील लष्करी छावणींत त्यांना जो चौदावा मुलगा झाला तो म्हणजे डॉ. भीमराव आंबेडकर. सुभेदार निवृत्त झाल्यावर हें कुटुंब प्रथम दापोलीस येऊन राहिलें.

लष्करी खर्च हा निव्वळ नासाडीचा, त्यांतून कांहीं उगवत नाहीं, असें अर्थशास्त्रावरच्या जुन्या ग्रंथांतून ठासून सांगितलेलें असतें. दापोलीच्या उदाहरणावरून तें पुरतें खरें दिसत नाहीं. पगाराचा जो भाग शिपायाच्या घरीं येतो, तो वाण्याकडे जातो, घरावर कौलें चढवितो, मुलाला पाटी घेऊन देतो. गोळा उडाला कीं संपतो. पगार संपत नाहीं, हात बदलतो. तेव्हां फौजेचा खर्च देशाला पोषक कीं शोषक, हें एकट्या रकमेच्या आंकड्यावरून ठरत नाहीं. रुपया कोणापासून घेतला आणि कोठें खर्च केला, हे दोन प्रश्न त्या आंकड्यापाशीं बसवून विचारावे लागतात. जपाननें १८९५ नंतर चीनकडून मिळालेली खंडणी मुख्यतः लष्कर आणि आरमार यांवरच ओतली, पण तिच्यांतलाच एक भाग घालून यावाता येथें पोलादाचा कारखाना उभारला व १९०१ मध्यें तो सुरू झाला. हिंदुस्थानाच्या लष्करी खर्चांतला मोठा वांटा मात्र गोऱ्या पलटणींचे पगार, विलायतेंतली त्यांची तयारी, अधिकाऱ्यांचीं पेन्शनें व विलायती सामान यांच्या रूपानें देशाबाहेर जाई. त्या भागानें येथल्या वाण्याचें दुकान चालत नव्हतें.

१८८५ सालीं अफगाणिस्तानच्या सीमेवर रशियाशीं खटका उडाला आणि हिंदुस्थान सरकारनें फौज एकदम तीस हजारांनीं वाढविली: दहा हजार गोरे, वीस हजार देशी. त्याच सालीं ब्रह्मदेशावर स्वारी झाली. रुपयाची किंमत विलायतेच्या नाण्यांत घसरत होती, त्यामुळें तिकडे पाठवावयाच्या रकमेचा बोजा आणखी वाढला. पैसा आणावयाचा कोठून? १८८६ मध्यें प्राप्तीवरील कर बसला. जानेवारी १८८८ मध्यें मिठावरील कर मणामागें दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर नेला.

मिठाचा कर हा करांतला सर्वांत विचित्र कर. श्रीमंत मनुष्य गरिबापेक्षां दसपट तूप खातो, पण दसपट मीठ खात नाहीं. ज्याच्या घरीं भाकरीबरोबर दुसरें कांहीं नाहीं त्याला तर मीठच कालवण. कुलाबा जिल्ह्याच्या उरण-पेणकडे मिठागरें डोळ्यांसमोर पांढरीं पडलेलीं, आणि त्याच जिल्ह्यांतल्या महाड-पोलादपूरच्या डोंगरवस्तींत चिमूटभर मिठामागें सरहद्दीवरच्या फौजेचा खर्च वसूल होत होता. १९०३ पर्यंत तो दर तसाच राहिला.

आतां या हिशेबाची दुसरी बाजू. १८८५ ते १८९३ पर्यंत सरसेनापति असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या कारकीर्दींत ‘लढाऊ जातीं’चा सिद्धान्त बोकाळला. रशियाशीं गांठ पडली तर पंजाबी, पठाण, गुरखा हेच टिकतील, दक्षिणेकडचे लोक थंडावले आहेत, अशी समजूत दृढ झाली, आणि मुंबई व मद्रास सैन्यांतल्या जुन्या भरतीला ओहोटी लागली. १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. १८९५ मध्यें तिन्ही इलाख्यांचीं सैन्यें मोडून एक करण्यांत आलीं. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं शिपायाचा पगार सातांवरून नऊ रुपये झाला. पण तो घ्यावयास कोंकणांतले हे लोक रांगेंत उरले नव्हते.

म्हणजे फौज वाढली, कर वाढला, पगारहि वाढला. आणि नेमक्या त्याच दशकांत कर भरणाऱ्यांतल्या एका सबंध वर्गाला पगाराचा दरवाजा लागला. जाणारा रुपया पूर्वीसारखाच जात राहिला, येणारा थांबला. बंदी घालणाऱ्यांच्या लेखीं हा भरतीचा एक नियम होता. मुंबईच्या गिरण्या उघड्या होत्या, परंतु तेथेंहि चांगल्या पगाराच्या विणकामखात्यांत धोट्यांत दोरा तोंडानें ओढावा लागे म्हणून अस्पृश्यांना मज्जाव. राहिली गोदी, रेल्वेची हमाली, झाडलोट. जुन्या पेन्शनरांच्या पाठीमागें त्यांच्या मुलांना पुन्हा बलुत्याची वाट धरावी लागली, आणि ती वाट शाळेंत जाऊन आलेल्या मुलाला पूर्वींपेक्षांहि अवघड गेली असली पाहिजे.

वलंगकरांनीं १८९४ सालीं या बंदीविरुद्ध सरकारकडे विनंतिपत्र केलें. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनीं १९०४ मध्यें पंधराशेंवर सह्यांचा अर्ज मुंबईच्या गव्हर्नराकडे व १९१० मध्यें दुसरा अर्ज थेट भारतमंत्र्याकडे पाठविला. अर्जांना उत्तरें मिळालीं. नोकऱ्या मिळाल्या नाहींत.

याच काळांत कोंकणचेच दुसरे सुपुत्र, गुहागरजवळच्या कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले, लष्करी खर्चावर तुटून पडत होते. १८९७ मध्यें वेल्बी कमिशनपुढें त्यांनीं विलायतेंत साक्ष दिली. पुढें वरिष्ठ कायदेमंडळांत अंदाजपत्रकावरचीं त्यांचीं भाषणें गाजलीं. अबिसीनियापासून ईजिप्तपर्यंत ब्रिटिश साम्राज्याच्या मोहिमांचा भार हिंदी खजिन्यावर कां टाकावा, शिल्लक उरते ती मिठाचा कर कमी करण्यास व प्राथमिक शाळा काढण्यास कां वापरूं नये, हा त्यांचा सवाल होता. सरकारचें उत्तर ठराविक असे: फौज म्हणजे देशाचा विमा आहे. त्यावर एवढेंच म्हणतां येतें कीं, हप्ता ठरविणारा एक, भरणारा दुसरा, आणि विमा बहुतांशीं तिसऱ्याच मालमत्तेचा, अशी पॉलिसी कोणी शहाणा गृहस्थ आपण होऊन घेणार नाहीं. १९०३ ते १९०७ या काळांत मिठाचा कर अडीच रुपयांवरून एका रुपयावर आला, त्यांत गोखल्यांच्या या चिकाटीचा वांटा आहे.

गोखले फौजेचा खर्च कमी करा म्हणत होते आणि वलंगकर-कांबळे फौजेंत घ्या म्हणत होते. वरवर पाहतां या दोन मागण्या परस्परांच्या उलट दिसतात, आणि तशा त्या कांहीं लोकांना वाटल्याहि. गोखल्यांच्या कोष्टकांत सारा देश एका रकान्यांत बसे. त्या रकान्याच्या आंत कोणाला काय मिळतें हें त्यांत उमटत नसे. उलट पेन्शनराच्या घरांतून सारें अंदाजपत्रक दिसत नसे, पण त्याच्या परिणामाची एक ओळ अगदीं स्पष्ट दिसे. दोन्ही बाजू मिळूनच हिशेब पुरा होतो.

पहिल्या महायुद्धानें दार किंचित् उघडलें. १९१७ मध्यें हिंदुस्थान सरकारनें ब्रिटनला दहा कोटि पौंडांची, म्हणजे त्या वेळच्या भावानें दीडशें कोटि रुपयांची युद्धदेणगी जाहीर केली. त्याच वर्षीं माणसांची टंचाई पडल्यामुळें ‘१११ महार’ ही पलटण उभारण्यांत आली. युद्ध संपलें, खर्चाला कात्री लागली, आणि १९२१ मध्यें ती पलटण मोडली. पुढें इंचकेप कमिटीनें लष्करी खर्च हळूहळू ५० कोटींपर्यंत खालीं आणावा अशी शिफारस केली. काटकसर हवीच होती. पण कात्री प्रथम कोठें चालली तें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

१९१९ च्या सुधारणांनीं फौज मध्यवर्ती सरकारकडे ठेवली व शिक्षण, आरोग्य हीं खातीं प्रांतांतल्या मंत्र्यांकडे दिलीं. पहिलीच्या पाठीशीं जकातीसारखीं वाढतीं उत्पन्नें. दुसऱ्यांच्या पाठीशीं शेतसारा आणि दारू. डॉ. आंबेडकर हे अर्थशास्त्राचेच पंडित. ईस्ट इंडिया कंपनीच्या जमाखर्चावर त्यांनीं कोलंबिया विद्यापीठासाठीं १९१५ मध्यें प्रबंध लिहिला होता, आणि प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ मध्यें प्रसिद्ध झाला. १२ मार्च १९२७ रोजीं मुंबई कायदेमंडळांत शिक्षणखात्याच्या खर्चावर बोलतांना त्यांनीं दाखवून दिलें कीं, सरकार शिक्षणावर दरमाणशीं चौदा आणे खर्च करतें आणि अबकारीच्या रूपानें दरमाणशीं दोन रुपयांहून अधिक वसूल करतें.

त्यानंतर बरोबर एका आठवड्यानें, १९ व २० मार्च रोजीं, महाडास कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळानें १९२३ मध्यें केला होता, आणि महाडच्या नगरपालिकेनें १९२४ मध्यें चवदार तळें खुलें केल्याचा ठरावहि केला होता. व्यवहारांत मात्र कोणी अस्पृश्य त्या पाण्याला हात लावूं शकत नव्हता. परिषदेसाठीं जमलेल्या हजारों लोकांना पाणी हवें होतें. तें गांवांतल्या स्पृश्यांकडून चाळीस रुपयांना विकत घ्यावें लागलें. जुन्या शिपायाच्या सात रुपये दरमहाच्या हिशेबानें ही रक्कम साडेपांच महिन्यांच्या पगाराहून अधिक होते. आणि तळें हांकेच्या अंतरावर भरलेलें होतें.

मांडवांत जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या लोकांत निवृत्त शिपाई आणि सुभेदार होते. अध्यक्षीय भाषणांत डॉ. आंबेडकरांनीं मृत मांस सोडा, बलुत्याच्या आशेवर राहूं नका, शेतीसाठीं जमीन मिळवा, सरकारी नोकऱ्यांत शिरा, हें तर सांगितलेंच. पण लष्करभरतीच्या बंदीवरहि त्यांनीं भर दिला. दापोलीकडची जुनी भरभराट आणि आजची दैना यांतला फरक या बंदीनें कसा घडविला तें त्यांनीं मांडलें, आणि ती उठविण्यासाठीं चळवळ करण्यास बजाविलें. दुसऱ्या दिवशीं लोक रांगेनें तळ्यावर गेले व पाणी प्याले. पुढें वीरेश्वराच्या देवळांत शिरण्याचा बेत असल्याची कंडी पिकली, परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. ज्यांनीं बंदुका चालविल्या होत्या असे लोक त्या जमावांत होते, तरीहि नेत्याच्या शब्दावरून उलट हात उगारला गेला नाहीं. पलटणींतल्या शिस्तीचा हाहि एक हिशेबांत न धरलेला उपयोग. डिसेंबरांत दुसरी परिषद भरली. तळें खाजगी मालकीचें आहे असा दावा तोंवर न्यायालयांत दाखल झाला होता. त्याचा शेवटचा निकाल मुंबई हायकोर्टानें १७ मार्च १९३७ रोजीं अस्पृश्यांच्या बाजूनें दिला.

भरतीचें दार पुन्हा उघडलें तें दुसऱ्या महायुद्धांत. १ ऑक्टोबर १९४१ रोजीं बेळगांव येथें महार रेजिमेंटची स्थापना झाली. कोंकणांतल्या गांवांना फौजेच्या मनीऑर्डरी पुन्हा येऊं लागल्या. पण या वेळचा रुपया पूर्वीचा नव्हता. नोव्हेंबर १९३९ च्या कराराप्रमाणें हिंदुस्थानाबाहेरच्या युद्धाचा बराचसा खर्च ब्रिटननें सोसावयाचा होता. परंतु ब्रिटन आपलें देणें लंडनमध्यें पौंडांच्या खात्यावर मांडून ठेवी, आणि त्या खात्याच्या आधारावर रिझर्व्ह बँक येथें नोटा छापी. माल व माणसें गेलीं युद्धावर, नोटा राहिल्या बाजारांत. युद्धापूर्वीं सुमारें १८० कोटींच्या नोटा चलनांत होत्या, त्या युद्धाअखेर १२०० कोटींच्या आसपास गेल्या. भाव भडकले. शिपायाच्या आईला मनीऑर्डरीचे रुपये जास्त मिळत होते आणि तांदूळ कमी मिळत होता. ज्यांच्या घरीं मनीऑर्डर येतच नव्हती त्यांची गत विचारूंच नये. १९४३ मध्यें बंगालनें ती भोगली. कायदा करून बसविलेला मिठाचा कर निदान कायदेमंडळांत वाचून दाखवावा लागे. या करासाठीं कोणाला उभें राहून बोलावेंहि लागलें नाहीं.

लंडनच्या खात्यावर सांचलेली ती पुंजी स्वतंत्र हिंदुस्थानाच्या वांट्याला आली, आणि जुलै १९४८ मध्यें तिच्या विनियोगाचा करार झाला. त्या करारान्वयें ब्रिटिश फौजेनें येथें मागें ठेवलेल्या सामानाची किंमत म्हणून दहा कोटि पौंड वळते झाले. आणि सुमारें १६ कोटि ८० लक्ष पौंड, म्हणजे २२४ कोटि रुपये, गेले ते ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पेन्शनांपोटीं.